आईचे पाढे पाठ, पण ओटीपी राहत नाही

मागच्या महिन्यात या पानावर सहज म्हटलं होतं की मोबाईल असो, मशीन असो, बटण दाबताना अडलात तर कळवा, मी पंधरा वर्षं स्क्रीनच बनवतेय, जमेल तसं उत्तर देईन. तर मेलबॉक्स भरला की हो. सगळे प्रश्न घेता येत नाहीत, सहा घेतलेत. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येकाने कुठेतरी "माझंच चुकत असेल" असं लिहिलंय, आणि सहापैकी एकाचंही चुकलेलं नाहीये.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवायची, तीसपर्यंत पाढे अजून घडाघडा म्हणते. पण सोसायटीचा मेंटेनन्स अ‍ॅपवरून भरायला बसली की ओटीपीला हमखास अडकते आणि मला ऑफिसात फोन येतो. आता वय झालं असंच समजायचं का? (मुलगा, कोपरी, ठाणे पूर्व)

वयावर ढकलू नका लगेच. रविवारी आईच्या शेजारी बसा आणि ती काय काय करते ते नुसतं बघा, मध्ये बोलू नका, हात तर अजिबात लावू नका. मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हेच केलं होतं. ओटीपी आला, वरून एक पट्टी खाली आली आणि चष्मा नीट करेपर्यंत गेली. मग त्या मेसेजमध्ये गेल्या, तिथे सगळ्यात वर लोन घ्या लोन घ्या, त्याखाली आपला मेसेज, त्यात आधी दोन ओळींचं इंग्रजी आणि शेवटी सहा आकडे. ते पुटपुटत परत अ‍ॅपमध्ये आल्या तर अ‍ॅपने पान पुन्हा पहिल्यापासून उघडलेलं. वर लाल अक्षरात तीस, एकोणतीस, अठ्ठावीस चालूच. तेवढ्यात दारावर कचरेवाला. आता सांगा, तुमच्या डोक्यात तरी राहिले असते का ते सहा आकडे?

पाढे आठवणं आणि ओटीपी धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत हो. पाढे कायमच्या कपाटात ठेवलेले असतात, कधीही उघडा. ओटीपी हातात धरून चालायचं असतं आणि हात लहान असतो. किती लहान, तर १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने सात, दोन इकडे दोन तिकडे, असा अंदाज मांडला होता आणि तो फार गाजला. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवनने दाखवलं की माणसाला मनात घोकू दिलं नाही आणि आकड्यांचे गट पाडू दिले नाहीत तर प्रत्यक्षात चारच्या आसपासच राहतं. हे कॉलेजातल्या पोरापोरींचंही असंच असतं. वयाने थोडं कमी होतं हे खरं, पण मुळात कोणाकडेच फार नसतं.

म्हणून तर आपण गट पाडतो. मोबाईल नंबर कोणी दहा सुटे आकडे म्हणून सांगत नाही, पाच-पाच नाहीतर दोन-दोन करून सांगतो. आधारवरचे बारा आकडे चार-चार-चार छापतात ते काय शोभेसाठी नाही. सहा आकडे तीन-तीन करून दाखवले की दोनच गोष्टी धरायच्या राहतात. आणि खरं तर धरायलाच कशाला लावायचं? बऱ्याच फोनमध्ये आता ओटीपी कीबोर्डच्या वर आपोआप दिसतो, त्याला टॅप केलं की भरला जातो, तेवढं आईला एकदा दाखवा. नसेल दिसत तर पेपरच्या कडेला पेन्सिलने लिहू दे की, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त फोनवर कोणी मागितला तर सांगायचा नाही, हे मात्र दहा वेळा सांगा.

लॅरी टेस्लर म्हणून एक कॉम्प्युटरवाले होते, कट-कॉपी-पेस्ट आपल्या हातात आलं त्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामात काही किचकटपणा असतोच, तो नाहीसा होत नाही, प्रश्न एवढाच की तो उचलायचा कोणी, बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने. तुमच्या सोसायटीच्या अ‍ॅपने तो आईच्या डोक्यावर दिलाय, बस.

अजून एक, तुम्ही पत्रात खाली लिहिलंय की अपडेट आलं की आई चिडते. चिडणारच! तिच्या मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी उचलून जिऱ्याच्या जागी ठेवा आणि बघा काय होतं ते. ती फोडणी टाकताना डब्यात बघतही नाही, हाताला माहितीय. अ‍ॅपमधलं बटणही तीन महिन्यांत हाताला माहिती झालेलं असतं आणि मग कोणीतरी नवीन डिझाईन म्हणून ते उजवीकडून डावीकडे नेतं. या पापात मीही सामील आहे, नाही म्हणत नाही.

प्रश्न : मी ऐरोलीला यूआय-यूएक्सचा, म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाईनचा, कोर्स करतेय. सर म्हणाले मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी ठेवायच्याच नाहीत, मिलरचा नियम आहे. इंटरव्ह्यूमध्ये हेच सांगू ना?

नको गं बाई. हा नियम इतक्या वर्गांत इतक्या वेळा सांगितला गेलाय की आता तो खोडायचाही कंटाळा येतो. मिलर लक्षात ठेवण्याबद्दल बोलत होता. मेनू तर समोर असतो, वाचायचा असतो, पाठ कोण करतंय? ठाण्याहून वाशीला जाताना ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशी नऊ स्टेशनं. म्हणजे नियमाप्रमाणे यातली दोन काढून टाकायची का?

नऊ आहेत याने काही बिघडत नाही, कुठल्या क्रमाने आहेत याने बिघडतं. तीच नऊ नावं अ-आ-इ-ईच्या क्रमाने लाव, पहिलं येईल ऐरोली, मग कोपरखैरणे, मग घणसोली. रोजचा माणूस म्हणेल हे काय, आणि एकेक नाव वाचत बसेल. गाडीच्या क्रमाने लाव, नजर बरोबर सानपाड्याच्या अलीकडे तुर्भ्यावर जाते, कारण तो क्रम त्याच्या डोक्यात आधीपासून आहे. पण देशभरातल्या स्टेशनांची यादी असेल तर उलटं, तिथे क्रम कोणालाच माहीत नाही, तिथे दोन अक्षरं टाईप करून शोधता आलं पाहिजे.

इंटरव्ह्यूत सांगायचंच असेल तर विल्यम हिक आणि रे हायमन या मानसशास्त्रज्ञांचं सांग, १९५२-५३ सालचं काम आहे. पर्याय दुप्पट झाले म्हणून निवडायचा वेळ दुप्पट होत नाही, प्रत्येक दुपटीला साधारण एकसारखीच भर पडते. पण हे कधी, तर पर्याय ओळखीचे असतील आणि कशाला काय दाबायचं ते ठाऊक असेल तेव्हा. अनोळखी, अस्ताव्यस्त यादी असेल तर माणूस एकेक करून वाचतच जातो, तिथे वीस म्हणजे वीस.

आणि तुझे सर जॅमची गोष्ट सांगतील बघ, सांगतीलच. २००० सालची शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांची, दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतला आणि ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. प्रयोग खरा आहे. पण २०१० मध्ये अशा पुष्कळ प्रयोगांची एकत्र बेरीज करून बघितली तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, म्हणजे कधी होतं कधी नाही. हे दुसरं वाक्य सांगितलंस तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकेल.

प्रश्न : घणसोलीत घरगुती डबे देते. भाच्याने मोबाईलवर ऑर्डरचा फॉर्म करून दिलाय. लोक सगळं भरतात आणि मग फोन, ताई सगळं पुसलं गेलं. एकीला तीन पोळ्या हव्या होत्या, तिला तीन भाकऱ्या गेल्या. आणि एकीने डबा रद्द केला म्हणे पण झालाच नाही, मी पाठवला, आता ती पैसे देत नाही. भाचा म्हणतो लोकांना वाचायला नको. फोटो पाठवतेय.

ताई, फोटो मोठा करून बघितला, चहा घेत घेत अर्धा तास बघितला. भाच्याला माझ्याकडे पाठवा, रागावणार नाही.

पहिलं, फॉर्मच्या खाली दोन बटणं. सबमिट आणि रीसेट. दोन्ही निळी, दोन्ही सारखी, मध्ये नखाएवढीही जागा नाही. एकाने ऑर्डर जाते, दुसऱ्याने सगळं पुसतं. लोकलमध्ये एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फॉर्म भरणारी बाई, तिचा अंगठा जाणार कुठे? पॉल फिट्सने १९५४ मध्ये लोकांना हातात धातूची कांडी देऊन पट्ट्यांवर आलटून पालटून टेकवायला लावली होती, पट्टी जितकी अरुंद आणि जितकी दूर तितका वेळ जास्त लागतो, आणि त्याच वेगाने करायला गेलं तर नेम चुकतो. मोबाईल तेव्हा नव्हता पण अंगठा तोच आहे. गूगल अँड्रॉइडवाल्यांना सांगतं की दाबायची जागा साधारण नऊ मिलिमीटर तरी हवी, तुमच्या भाच्याची बटणं मला त्याच्या निम्मी वाटतायत. पण बटण मोठं करण्याआधी मला सांगा, रीसेट हवंय कशाला? डब्याची ऑर्डर पूर्ण भरून मग "छे, सगळं पुसून टाकू" असं आजवर कोणी म्हटलंय? काढून टाका ते. सबमिटच्या जागी "ऑर्डर द्या" लिहा.

दुसरं, भाकऱ्या. "पोळ्या किती" हे लिहिलेलं वरच्या चौकोनाच्या आणि खालच्या चौकोनाच्या बरोबर मधोमध आहे. माणसाचा डोळा जे जवळजवळ असतं त्याला एका घरातलं समजतो, हे माक्स वेर्थहायमरने १९२३ मध्ये नुसत्या ठिपक्यांची चित्रं काढून दाखवलं होतं. इथे नाव कोणाच्याच जवळ नाही, मग जो तो आपल्या मनाने ठरवतो. नाव चौकोनाला चिकटवा, वर मोकळी जागा सोडा, रेघा-बिघा मारायची काही गरज नाही.

तिसरी भानगड तर मला फार आवडली, माफ करा, तुमचं नुकसान झालं पण आवडली. ऑर्डर रद्द करायला गेलं की विचारतं, "ऑर्डर रद्द करायची का?" आणि खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". आता डबा नको असलेली बाई काय दाबेल? रद्द करा! आणि भाच्याच्या मते त्याचा अर्थ काय, तर रद्द करणं रद्द करा. इंग्रजीतल्या कॅन्सलचं मराठी करून ठेवलं आणि वाक्य मोठ्याने वाचून बघितलं नाही. तुमची गिऱ्हाईक बरोबर होती ताई, तिला फोन करा. बटणावर ओके-बिके नकोच, बटण एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे, "हो, डबा नको" आणि "नाही, डबा हवाय". त्याहून चांगलं म्हणजे विचारूच नका, लोक अशा खिडक्या न वाचताच दाबून मोकळे होतात, हात सवयीने जातो. सरळ रद्द करा आणि तुम्ही भाजी फोडणीला टाकेपर्यंत "पुन्हा हवाय" असं एक बटण तिथे राहू दे.

जाता जाता, वरचं "आजचा मेनू" दिसायला छान म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडलंय, इंग्रजीत करतात तसं. मराठीत शिरोरेघ तुटते ना त्याने, शब्द दातासारखा विचकतो. आणि ओळी इतक्या जवळ आहेत की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलाय. ओळींमध्ये हवा सोडायला सांगा. अक्षर करडं नको, काळं हवं, उन्हात वाचतात लोक.

प्रश्न : गावदेवी मार्केटला भाजी घेतली, स्कॅन केलं, पैसे टाकले, गोल फिरत राहिलं. मागे रांग. पुन्हा केलं. दोन्ही गेले. मी घाई केली हे मान्य, पण किती वेळ थांबायचं असतं? (नौपाडा)

तुमची घाई ठरलेलीच होती हो. रॉबर्ट मिलर (हा वेगळा मिलर) याने १९६८ मध्ये हे लिहून ठेवलंय आणि याकोब नीलसन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञाने १९९३ मध्ये ते सगळीकडे पोचवलं. सेकंदाच्या दहाव्या भागात काही झालं तर आपण केलं तसं लगेच झालं असं वाटतं, एक सेकंदापर्यंत विचाराची लय टिकते, दहा सेकंद झाले की लक्ष उडतं. आणि रांगेत मागचा माणूस घसा खाकरत असेल तर तुमचे दहा म्हणजे चारच धरा.

फिरणारं वर्तुळ काहीच सांगत नाही हा खरा घोळ. पैसे निघालेत, अडकलेत, पोचलेत, की नेट गेलंय? चारही वेळा तेच वर्तुळ. "बँकेच्या उत्तराची वाट बघतोय, पुन्हा पैसे पाठवू नका" एवढी एक ओळ असती तर तुमचे पैसे वाचले असते. उलट त्या भाजीवाल्याकडचा साउंडबॉक्स बघा. त्याचे हात मेथीत, नजर तराजूवर, फोनकडे बघायला वेळ नाही, म्हणून बातमी त्याच्या कानाला दिली, तीही रक्कम सांगून. स्क्रीनच नाही, आणि तरी माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आलेला सगळ्यात शहाणा इंटरफेस तो आहे. पुढच्या वेळी वर्तुळ फिरलं तर मागे जाऊन हिस्टरी बघा, पेंडिंग दिसलं तर दुसऱ्यांदा पाठवू नका. यावेळचे दुसरे पैसे भाजीवाल्याला हिस्टरी दाखवून मागा.

प्रश्न : प्रवासाचं तिकीट काढताना इन्शुरन्सची टिक आधीच केलेली असते. काढायला गेलो तर बटणावर लिहिलेलं, "नको, मला कुटुंबाची काळजी नाही". हेही तुमचं मानसशास्त्रच का? (वाशी)

हो, आमचंच, लाज वाटते पण आमचंच. आधीपासून जे निवडलेलं असतं ते बहुतेक लोक तसंच राहू देतात. अवयवदानाची आकडेवारी प्रसिद्ध आहे, २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांनी मांडली होती. जर्मनीत "द्यायचंय" असं स्वतःहून सांगावं लागायचं तर संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात "नको" असं सांगावं लागायचं तर ९९.९८ टक्के. माणसं काही इतकी वेगळी नव्हती, टिक कुठे होती एवढाच फरक. हे कळलं की त्याचा उपयोग पैसे काढायलाही होतो, तो तुम्ही बघितलाच.

याला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार नावानिशी आहेत. तुम्हाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं हा एक, आणि नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटणावर लिहिणं हा दुसरा, म्हणजे तुमच्या एका स्क्रीनवर दोन. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन लावा.

प्रश्न : घोडबंदर रोडला २७व्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये कोणी धावत आलं की मी दार उघडायचं बटण दाबतो आणि दार नेमकं त्याच्या तोंडावर बंद होतं. लोकांना वाटतं मुद्दाम करतो. मी इंजिनीअर आहे हो!

मीही करते. दोन त्रिकोण बाहेर बघणारे म्हणजे उघडा, दोन आत बघणारे म्हणजे बंद. शांतपणे बसून बघितलं तर कळतं, पण हातात अर्धा सेकंद असताना दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, वर एकाच आकाराची आणि शेजारी शेजारी. गॅसच्या शेगडीचं असंच, बर्नर चार कोपऱ्यांत आणि बटणं एका ओळीत, मग मागचा डावा कुठल्या बटणाने लागतो ते दर वेळी वाकून बघा. डॉन नॉर्मन हा डिझाईनवर लिहिणारा माणूस १९८८ पासून या शेगडीवर लिहितोय आणि शेगड्या काही ऐकत नाहीत.

तुम्ही बटणाच्या नादाला लागू नका, दाराला सेन्सर असेल तर सरळ हात मध्ये घाला. आमच्या लिफ्टमध्ये मी उघडायच्या बटणाखाली हिरवी पट्टी चिकटवून त्यावर "उघडा" लिहिलं होतं. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी काढली, स्टीलवर बरं दिसत नाही म्हणाले. आठवड्याने कोणीतरी पुन्हा लावली, अक्षर माझं नव्हतं.